डोंगर कुणाचा?



अमेरिकेत एका डोंगरावर चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं कोरलीत. एकेक तोंड ६० फूट उंच. लोक लांबून येतात, मान वर करून बघतात. पण डोंगर कुणाचा, हे विचारत नाहीत. आम्ही विचारतो.

डोंगर लाकोटा आदिवासींचा. त्यांच्यात त्याला 'सहा आजोबा' म्हणतात. तो आणि भोवतालचा ब्लॅक हिल्सचा मुलूख तुमचाच राहील, असा करार सरकारनं १८६८ साली सही करून दिला. १८७४ ला तिथं सोनं सापडलं. १८७७ ला सरकारनं कायदा केला आणि मुलूख गिळला. मग न्यू यॉर्कचा रशमोर नावाचा वकील खाणींचे कागद तपासायला आला. डोंगराला नाव पडलं त्याचं! तिथं पिढ्या गेल्या त्यांचं नाव पुसलं, कागद बघणाऱ्याचं लागलं. १९२७ ते १९४१ सुरुंग लावून तोंडं कोरली.

त्यात लिंकनही आहे. गुलामी मोडणारा म्हणून आम्ही त्याला मानतो. पण १८६२ साली लाकोटांच्या भाऊबंदांपैकी, डकोटांपैकी, ३८ जणांना एकाच दिवशी फाशी दिली, तिला मंजुरी त्याचीच. फाशीची शिक्षा ३०३ जणांना झाली होती, बाकीच्यांना त्यानं वाचवलं, हेही खरं. पण दगडावर यातलं काहीच लिहिलेलं नाही.

१९८० साली तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मुलूख घेतला त्याची भरपाई द्या. व्याजासकट १० कोटींवर डॉलर झाले. गरिबीत दिवस काढणाऱ्या लाकोटांनी पैशाला हात लावला नाही. डोंगर विकायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

हे आम्हाला परकं नाही. तिकडं १८७७, इकडं १८७८ चा इंग्रजांचा जंगल कायदा. बाप-आज्यानं राखलेलं रान कागदावर 'राखीव' झालं, आणि आम्ही झालो अतिक्रमणवाले! आता साहेब लोक आमच्या क्रांतिकारकांच्या पुतळ्याला जयंतीला हार घालतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच नांगराची जप्ती करतात. तिकडं लुटणाऱ्याचा पुतळा, इकडं लढणाऱ्याचा. जमीन मात्र दोन्हीकडं सरकारच्या नावावर.

कुणी म्हणेल, मग काय तोंडं फोडायची? तोंडं राहू देत. खालची जमीन परत करा.

आणि आपल्या गावात कुणी पुतळ्याची वर्गणी मागायला आला, तर सगळ्यांनी मिळून एकच विचारायचं: पुतळा बसवाल तिथला सातबारा कुणाच्या नावावर?