मर्यादवेलीची उपेक्षा

श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून आपण त्याला शांत होण्याची विनवणी करतो. त्याच दर्याची सीमा ज्या वेलीने वाळूवर आखून ठेवली आहे, तिला मात्र आपणच पायदळी तुडवीत आहोत. आपट्यासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळी फुले मिरवणारी ही मर्यादवेल. हे नाव ठेवणाऱ्यांपाशी केवळ कवित्व नव्हते, निरीक्षणही होते.

भरतीच्या रेषेपलीकडे खारा वारा आणि तापलेली वाळू सोसून ही वेल बारमाही जगते. पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात, वाऱ्यासरशी आलेली वाळू पानांत अडते, आणि वेल गाडली गेली तरी पुन्हा वर येते. अशा रीतीने वाळूची टेकडी उभी राहते. पावसाळी लाटा किनारा खरवडतात, तेव्हा हीच टेकडी वाळूचे कोठार ठरते. उघाडीच्या दिवसांत समुद्र त्यातली बरीचशी वाळू परत आणून टाकतो. वेलीची गळलेली पाने कुजून निःसत्त्व वाळूत थोडा कस येतो व मागून येणाऱ्या झुडपांना थारा मिळतो. फुले सकाळी उमलतात, दुपारनंतर कोमेजतात. तेवढ्या अवधीत मधमाश्या आणि भुंगे आपला वाटा उचलतात.

किनाऱ्याच्या रक्षणाची चिंता आपल्याकडे नवी नाही. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा राखावा, असे इंदिरा गांधींनी 1981 साली किनारी राज्यांना कळविले. 1991 मध्ये किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली, आणि 2011 च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान दिले. तरीही टेकडी सपाट करून त्यावर खुर्च्या मांडण्याचा मोह सुटत नाही. रोज गोडे पाणी पिणारी हिरवळ अंगणात पोसायची आणि एक थेंबही न मागणारी वेल कचरा म्हणून उपटायची, या रसिकतेला काय म्हणावे! सुरूची रांग लावली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. परदेशातून आलेल्या या झाडाच्या सुयांच्या थराखाली स्थानिक रोपे सहसा मूळ धरीत नाहीत.

मर्यादवेल लावणे मुळीच अवघड नाही. दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे पहिल्या पावसात वाळूत आडवे पुरावेत, एक पेर वर ठेवावे. तुकडे मात्र एकाच वेलीचे नकोत. तिचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरीत नाही. म्हणून त्याच किनाऱ्यावरील दूरदूरच्या वेलींपासून, प्रत्येकीचे थोडे थोडे, घ्यावेत. पुढे पहिली दोन वर्षे तेथे पाऊल आणि वाहन पडू नये, इतकेच पाहायचे. वाटसरूंसाठी फळ्यांची एक अरुंद वाट पुरते. पंचायती, शाळा आणि किनाऱ्यावरील व्यावसायिक यांनी येत्या मृगापूर्वीच आपापल्या किनाऱ्याचा तुकडा ठरवून घ्यावा, अशी आमची सूचना आहे.