फॉर्मवरचा ‘नाही’

दर वर्षी डिसेंबर आला की आपल्या कॉलेजच्या पदभ्रमणाचे फॉर्म माझ्या टेबलावर येऊन पडतात. ‘काही आजार आहे का?’ या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलेलं असतं. मग तांबडी सुर्ल्याच्या जंगलात दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सॅकमधून दम्याचा पंप निघतो, कुणाला फिट येते, कुणी सांगतो, “सर, मला उंचावर चक्कर येते, पण लिहिलं असतं तर तुम्ही नेलं नसतं.” एरवी मी अशा वेळी चांगलाच ओरडतो. यंदा मात्र ओरडायचा हक्क मी गमावून बसलोय. तसाच एक ‘नाही’ मीही लिहिला होता.

चार वर्षांपूर्वी मी ग्रँड आयलंडजवळ स्कूबा शिकलो. पावसाळा सोडला की तिथे डाइव्ह चालतात. पाणी गढूळ, खोली बेताची, पण एकदा खाली गेलो आणि वेडच लागलं. कोर्सच्या आधी 10 प्रश्नांचा वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. काही उत्तरांना ‘होय’ आलं तर डॉक्टरांची परवानगी आणावी लागते. मला लहानपणापासून दमा आहे. पंप खिशात असतो, वर्षातून चार-पाच वेळा लागतो. मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं आणि पाण्यात उतरलो. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून ते खोटं हळूहळू खरं वाटायला लागलं.

गेल्या वर्षी चौघा मित्रांनी मालदीवची लिव्हअबोर्ड सफर ठरवली. लिव्हअबोर्ड म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह करायच्या. किनाऱ्यावरून जाऊन-येऊन जमत नाही अशा दूरच्या प्रवाळबेटांपर्यंत या बोटी जातात. मी पैसे साठवले, आगाऊ रक्कम भरली आणि तयारीला लागलो. तयारी म्हणजे काय, तर खरेदी! नवा मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर, पृष्ठभागावर आल्यावर बोटीला दिसावा म्हणून फुगवायचा नारिंगी बोया, करंटमध्ये खडकाला अडकवायचा हूक. आईने विचारलंसुद्धा, “एवढं सामान घेतलंस, पंप घेतलास ना?” मी हसून विषय टाळला.

मग बोटीचा फॉर्म आला. तेच 10 प्रश्न. शिवाय, लॉगबुकात किती डाइव्ह आहेत? त्यांना किमान 50 हव्या होत्या, माझ्या 31 होत्या. एक मित्र म्हणाला, “अरे, लिही 50. सगळेच लिहितात. हे फॉर्म त्यांची मान वाचवायला असतात, आपली नाही.”

त्याचं अर्धं खरं आहे. सही घेतली की जबाबदारी झटकता येते, हे खरंच. पण उरलेलं अर्धं मी रोज फळ्यावर शिकवतो आणि तरीही विसरलो होतो. पृष्ठभागावर दाब 1 वातावरण, आणि दर 10 मीटर खोलीला आणखी 1. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट, 30 मीटरवर चौपट. बॉइलच्या नियमाप्रमाणे 10 मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट व्हायला बघते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. आता दम्याचं बघा. श्वासनलिका आकसली की मी न रोखताही हवा आत अडकते. वर येताना ती फुगते, फुप्फुस फाटू शकतं आणि बुडबुडे रक्तातून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. त्यात सिलिंडरमधली हवा कोरडी आणि थंड, करंटशी झगडताना धाप लागते. दमा उसळायला आणखी काय पाहिजे? वर्गात या नियमावर 5 मार्कांचं गणित घालणारा मी स्वतःच्या छातीचं गणित टाळत होतो.

गोव्यात असं झालं असतं तर किनारा जवळ होता, अॅम्ब्युलन्स होती. मालदीवमध्ये सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. बुडबुड्यांच्या त्रासावर ज्या दाबपेटीत उपचार होतात, ती मोजक्याच बेटांवर आहे. रोज तीन-चार डाइव्ह केल्या की नायट्रोजन शरीरात साठत जातो, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसू नये असं सांगतात. आजारी माणसाला पटकन विमानात घालून आणणंही सोपं नसतं. दूर जाणं म्हणजे हेच. चूक तेवढीच असते, पण ती निस्तरायला कुणी जवळ नसतं.

तरीही मी कदाचित ‘नाही’च लिहिलं असतं. थांबलो तो माझ्या बडीमुळे. पाण्याखाली जोडीनेच उतरतात. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने द्यायची, एकाला वर यावं लागलं तर दुसऱ्याने सोबत यायचं. सफरीची चर्चा चालू असताना तो सहज म्हणाला, “मला फक्त एवढं सांग, तुझं काय बिघडू शकतं? म्हणजे खाली मला कळेल.” मी उत्तर दिलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. माझा ‘नाही’ माझा एकट्याचा नव्हता. त्याचा धोका त्यालाही होता, आणि तो त्याला न विचारता मी परस्पर घेऊन टाकला होता.

पणजीतल्या छातीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी फुंकायला लावलं, धावायला लावलं, पुन्हा फुंकायला लावलं. धावल्यावर आकडा घसरला. त्या म्हणाल्या, “दमा आहे म्हणून कायमचं बंद, असं आता कुणी म्हणत नाही. पण तो ताब्यात हवा. सहा महिने नियमित औषध घ्या, मग पुन्हा बघू.” आगाऊ रक्कम बुडाली. तिघे मित्र गेले, फोटो पाठवत राहिले. मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल.

खोटा फॉर्म फक्त जाणाराच भरतो असं नाही. 2 सप्टेंबर 2019च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची डाइव्ह बोट जळाली. तळातल्या खोलीत झोपलेली 34 माणसं गेली. रात्रभर कुणीतरी जागं राहून बोटीवर फेरी मारली पाहिजे, अशी अट त्या बोटीच्या प्रमाणपत्रातच होती. प्रत्यक्षात कुणी जागं नव्हतं. बाहेर पडायचे दोन मार्ग होते, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होते, आणि आग तिथेच होती. पुढे कप्तानाला शिक्षा झाली. कागदावर ‘होय’ आणि डेकवर ‘नाही’, यातून काय होतं ते सांगायला हे पुरेसं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की दूरच्या सफरीची तयारी दुकानात सुरू होत नाही, खरं उत्तर देण्यातून आणि मागण्यातून सुरू होते. बोटवाल्यांना विचारा, रात्री जागं कोण असतं? दुसरी वाट कुठे उघडते? बॅटऱ्या कुठे चार्ज करतात? ऑक्सिजन किती तास पुरेल? विम्यात डाइव्हिंग धरलंय का, ते बारीक अक्षरात वाचा. आणि त्यांनी विचारलं तर तुम्हीही खरं सांगा.

पण नुसता उपदेश करून उपयोग नाही. माणूस खोटं का लिहितो? ‘होय’ लिहिलं की दार बंद होतं, म्हणून. मी त्याच भीतीने लिहिलं, तुम्हीही त्याच भीतीने लिहिता. ही भीती घालवणं आम्हा नेणाऱ्यांचं काम आहे. म्हणून यंदाचा फॉर्म बदललाय. आजाराचा कागद वेगळा आहे, तो वर्गप्रतिनिधीकडे न देता थेट माझ्याकडे द्यायचा. ‘होय’ लिहिणाऱ्याचं नाव आपोआप कापलं जाणार नाही. आधी बोलू, लागलं तर डॉक्टरांना विचारू, आणि शक्य असेल तर सोप्या वाटेने का होईना, नेऊ. काही जणांना तरीही ‘या वेळी नको’ म्हणावं लागेल. ते ऐकायला कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे.

फॉर्म शुक्रवारपर्यंत हवेत. बंद पाकिटात दिले तरी चालतील.