द्राक्षाची कात्री आणि आमचे तरुण

पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारे तरुण नाशिक जिल्ह्यांत आज गांवोगांव आढळतात; आणि त्याच गांवांत छाटणीच्या दिवसांत कसबी माणूस मिळत नाहीं, अशी बागाइतदारांची तक्रारही ऐकूं येते. याचा सारा दोष तरुणांच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

द्राक्षाचा धंदा हा मूलतः हातांच्या कसबाचा धंदा होय. डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधणें, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, घडांची विरळणी, यांपैकीं एकही काम केवळ अंगबळानें होत नाहीं. गोडी छाटणींत काडी भलत्याच डोळ्यावर कापली, तर घडांऐवजीं नुसता पाला हातीं येतो. औषधांच्या बाबतींतही तसेंच. २०१० सालीं क्लोरमेक्वाटचा अंश सांपडल्यामुळें युरोपांत आपल्या द्राक्षांवर जें संकट ओढवलें, तें बागाइतदार विसरले नसतील.

असें असूनही पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांस काम उक्तें देऊन आम्ही मोकळे होतों. त्या मजुरांचें कसब मोठें आहे. परंतु त्यास ना दाखला, ना चढता दर. दहा वर्षें कात्री चालवूनही माणूस मजूरच राहतो, हें पाहून शिकलेला मुलगा बागेकडे पाठ फिरवितो, यांत नवल तें काय?

यास्तव आमची सूचना अशी कीं, प्रत्येक शेतकरी संघानें दरसाल १० तरुण, भूमिहीनांचीं मुलें व टोळ्यांतील पोरें धरून, दोन्ही छाटण्यांस जुन्या कसबी माणसाच्या हाताखालीं पगार देऊन ठेवावे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या माहितीची त्यास जोड द्यावी. परीक्षा मात्र वेलीपुढें, कात्री हातीं देऊन घ्यावी. आणि उत्तीर्ण होणारास दाखला व वरचा दर देणें सभासदांवर बंधनकारक करावें.

"शिकविलेला माणूस शेजाऱ्याकडे गेला तर?" असें कोणी विचारील. खुशाल जावो, शेजाऱ्याचा शिकलेला आपणांकडे येईल. एकट्यास जें परवडत नाहीं तें सर्वांनीं मिळून करावें, याचकरितां संघ असतो.

मुलाच्या लग्नाची बोलणी करतांना तो बाग पाहतो हें सांगण्यास आपण कचरतों, तोंवर कात्रीस प्रतिष्ठा येणार नाहीं. म्हणून त्या १० नांवांत पहिलें नांव सभासदांनीं आपल्या मुलाचें घालावें.