हप्ता तोच, मग कर्ज का फिटेना?

विशेष प्रतिनिधी, भिवंडी

यंत्रमागांच्या खडखडाटावर पोट भरणाऱ्या भिवंडीच्या वेशीवर गोदामांचे आणि गृहसंकुलांचे दुसरे शहर केव्हाच उभे राहिले आहे. ठाणे-मुंबईत घर न परवडणारा नोकरदार, गोदामातील सुपरवायझर, छोटा दुकानदार काल्हेर-कशेळीच्या पट्ट्यात आला तो कर्जाच्या भरवशावर. मीटरच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्याकडे पगाराची चिठ्ठी नसते आणि दुकानदाराचे उत्पन्न कागदावर पुरते उतरत नाही. अशा ग्राहकाला बँक सहसा उभे करत नाही, गृहवित्त कंपनी करते. कर्ज कोणाकडून घेतले, हा फरक खात्यात चूक निघाली की फार महागात पडतो.

चूक म्हटली की बेरीज-वजाबाकी डोळ्यांपुढे येते. संगणकाच्या काळात तशी चूक क्वचितच सापडते. गफलत होते ती तारखेत आणि मुदतीत. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी काढलेले परिपत्रक या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. तपासणीत आढळलेल्या प्रकारांची त्यात चक्क यादीच दिली होती. काही संस्था पैसे हाती पडल्यापासून नव्हे, तर कर्ज मंजूर झाल्यापासून किंवा करार झाल्यापासून व्याज लावत होत्या. काही ठिकाणी धनादेशावरील तारखेपासून व्याज सुरू झाले होते, धनादेश मात्र कित्येक दिवसांनी ग्राहकाला मिळाला होता. २० लाखांच्या कर्जावर ९ टक्के दराने केवळ २० दिवसांचे असे व्याज ९,८०० रुपयांच्या वर जाते. वसूल केलेले जादा व्याज परत करावे, असे रिझर्व्ह बँकेने त्यात बजावले.

मुदतीचा घोळ याहून मोठा, कारण तो दिसत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. अनेक संस्थांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली. खात्यातून जाणारी रक्कम तीच राहिल्याने कर्जदार निर्धास्त राहिला. आता हिशेब पाहा. २० लाखांचे कर्ज, ७ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरल्यास हप्ता १५,५०६ रुपये पडतो. कर्जाच्या सुरुवातीलाच दर साडेनऊ टक्के झाला, तर महिन्याचे व्याजच १५,८३३ रुपये होते. म्हणजे माणूस नियमाने हप्ता भरतो आणि कर्ज दरमहा ३२७ रुपयांनी वाढत जाते! मुदत वाढवताना अशी वेळ येऊ देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे आणि दर तिमाहीला विवरणपत्र द्यावे, असेही त्यात होते. आजवर किती मुद्दल फिटले, किती व्याज गेले, किती हप्ते राहिले आणि दर काय, एवढे त्या विवरणपत्रात असायला हवे. चूक शोधायची तर उरलेल्या हप्त्यांच्या आकड्यापासून सुरुवात करावी. मागच्या तिमाहीतील आकड्यातून तीन वजा केल्यावर जे उरते ते नव्या कागदावर नसेल, तर मध्ये दर बदलला, मुदत बदलली किंवा काही शुल्क खात्यात चढले असले पाहिजे.

हा कागद बहुधा इंग्रजीत येतो. वास्तविक कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार त्याला समजणाऱ्या भाषेत असावा, असे गृहवित्त कंपन्यांच्या व्यवहारसंहितेतच म्हटले आहे. मराठीत विवरणपत्र मागणे ही अवाजवी मागणी नव्हे. पण मागतो कोण?

बँक आणि गृहवित्त कंपनी यांतील फरक इथून जाणवू लागतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागली. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन घातले गेले नाही. त्यांचा मूळ दर त्या स्वतः ठरवतात. २०२५ मध्ये रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला, पण कपातीचा लाभ अशा कंपनीच्या जुन्या ग्राहकाकडे आपोआप येईलच असे नाही. तक्रारीची वाटही निराळी आहे. दोन्हीकडे आधी संस्थेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी लागते. ३० दिवसांत दाद न लागल्यास बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार मात्र राष्ट्रीय आवास बँकेकडे करावी लागते. २०१९ मध्ये या कंपन्यांचे नियमन रिझर्व्ह बँकेकडे गेले, गाऱ्हाणी आवास बँकेकडेच राहिली. ही विभागणी सामान्य कर्जदाराला ठाऊक असेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

संस्थेची वही म्हणजे ब्रह्मवाक्य, हा समजही सोडला पाहिजे. दिवाण हाउसिंगच्या वहीत सुमारे २ लाख ६० हजार बनावट गृहकर्ज खाती असल्याचा आरोप सीबीआयने मार्च २०२१ मध्ये दाखल केलेल्या गुन्ह्यात केला होता. त्याच वर्षी ती कंपनी पिरामल समूहाकडे गेली. २०२३ मध्ये एचडीएफसी आपल्याच बँकेत विलीन झाली. संस्था अशा हात बदलतात तेव्हा जुन्या विवरणपत्राची प्रत ज्याच्या घरी आहे, त्याचीच बाजू भक्कम राहते.

वाद सुरू असताना हप्ता थांबवण्याचा मोह मात्र टाळायला हवा. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. मग चार-दोन हजारांचा घोळ बाजूला पडतो आणि घरच पणाला लागते. हप्ता भरताना 'हक्क राखून भरत आहे' असे पत्र द्यावे. नोटीस आलीच, तर तिला लेखी आक्षेप घ्यावा. तो फेटाळायचा झाल्यास संस्थेला १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात. पुढे ताब्याची कारवाई झाली, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्यासाठी कर्जदाराच्या हाती ४५ दिवस असतात.