मागणी कुणाची मोजता? माणसाची की खिशाची?

रेल्वेच्या हिशेबात प्रवासी उरलेला नाही, ग्राहक उरला आहे. उद्या किती गाड्या लागतील याचा अंदाज बांधायचा, तर प्रवाशांचे गट पाडावे लागतात. आमचा आक्षेप गट पाडण्याला नाही. कायदाही गट पाडतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ५८ ने प्रत्येक प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी एक डबा किंवा काही जागा राखून ठेवायला सांगितले. पण तो गट गरज पाहून पाडला, खिसा पाहून नव्हे. आज वातानुकूलित, प्रथम वर्ग आणि उरलेला द्वितीय वर्ग अशी जी उतरंड आहे, ती कुणाच्या सोयीची?

दिघ्याचेच घ्या. इलठणपाड्याचे धरण ब्रिटिश काळात वाफेच्या इंजिनांसाठी बांधले गेले. म्हणजे दिघ्याचे पाणी रेल्वेला तेव्हाच दिसले, दिघ्याची माणसे मात्र दिसली नाहीत. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, पण ठाणे ते ऐरोली मध्ये एकही स्थानक नव्हते. दिघा गाव स्थानक उघडले १२ जानेवारी २०२४ रोजी, तेही बांधून तयार असताना महिनोन्‌महिने उद्घाटनाची वाट पाहून!

या जवळपास वीस वर्षांत दिघ्याची मागणी किती होती? तिकीट खिडकीच नव्हती, म्हणजे कागदावर शून्य. एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, घरकाम करणारी बाई, कॉलेजला जाणारी मुलगी शेअर रिक्षाने ऐरोली नाहीतर ठाणे गाठत. त्यांचे तिकीट त्या स्थानकांच्या नावावर जमा झाले. ज्यांना रिक्षाचे भाडे परवडले नाही, त्यांची नोंद तर कोणत्याच वहीत नाही. १९२७ पूर्वी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी भरणाऱ्यांची मोजदाद केली असती, तर अस्पृश्यांना तहानच लागत नाही, असाच निष्कर्ष निघाला असता!

खिशाच्या गणिताचा दुसरा धडा शेजारच्या कळव्याने दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या फेऱ्या काढून त्या जागी वातानुकूलित फेऱ्या आणल्या. कळवा-बदलापूरचे प्रवासी रस्त्यावर आणि रुळांवर उतरले, तेव्हा वाढवलेल्या दहा फेऱ्या मध्य रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मेले. हे लटकणारे लोक कोणत्या गटात मोडतात?

गरज मोजता येत नाही, असे नाही. महापरिनिर्वाण दिनाला रेल्वे दरवर्षी जादा अनारक्षित गाड्या सोडते. कारण तिथे लाखो माणसे येतात आणि आपली मागणी स्वतःच्या पायांनी सिद्ध करतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तिकिटांबरोबर वस्त्याही मोजा. पाळीची वेळ, घरापासून स्थानकाचे अंतर आणि मजुरीत भाड्याचा वाटा यांवरून गट पाडा. माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार, लोकांवर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या निर्णयांमागची वस्तुस्थिती न मागता प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. फेऱ्या ठरवण्याचा आधारही जाहीर करा.

आणि बांधवांनो, रेल्वे मोजेल म्हणून वाट पाहू नका. रविवारी विहारात वंदनेला जमाल तेव्हा एक वही ठेवा. कोण किती वाजता निघतो, कुठे जातो, रिक्षाला किती देतो, गर्दीमुळे किती गाड्या सोडतो, हे लिहून काढा. अशा वस्तीवस्तीच्या वह्या अर्जासोबत रेल्वेच्या टेबलावर ठेवल्या, की आमची मागणी शून्य आहे असे म्हणणे त्यांना जड जाईल.