फरकाची रक्कम

गृहकर्जाच्या प्रत्येक प्रकरणाला बँकेत एक मूल्यांकन अहवाल जोडलेला असतो. व्हॅल्युअर जागेवर जाऊन येतो आणि किंमत दोन भागांत मांडतो: जमिनीची इतकी, बांधकामाची इतकी. नोकरीच्या वर्षांत असे अहवाल माझ्या टेबलावरून इतके गेले की, त्यातला दुसरा आकडा मी पुढेपुढे न वाचताच सांगू शकत असे. सिमेंट, सळई, विटा आणि मजुरी कोथरूडला ज्या भावाने पडते, थोड्याफार फरकाने त्याच भावाने ती सासवडला आणि दौंडलाही पडते. सिमेंटच्या गोणीला पत्ता वाचता येत नाही. तरीही कोथरूडच्या दोन खोल्यांच्या पैशात दौंडला ऐसपैस घर होते. हा मधला जो फरक आहे, तो कशाचा आहे? आणि तो कोणाचा आहे?

पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देण्याची हल्ली पद्धत आहे: लोकेशन. हा शब्द असा उच्चारला जातो की, जणू त्या जमिनीच्या पोटात एखादे खनिज असावे. कोथरूडच्या मातीत तसले काही नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथे शेते होती, ओढे होते आणि संध्याकाळनंतर तिकडे जायला रिक्षावाला कुरकुर करी. जमीन तीच आहे. तिच्याभोवती जे उभे राहिले, त्याची ही किंमत आहे.

ते काय होते, हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा कर्जदारांनी अधिक चांगले शिकवले. अर्जात ‘पुण्यातच घर का?’ असा रकाना नसतो. पण समोर बसलेला माणूस सही करता करता सांगत असतो. नव्वदच्या दशकात डोंबिवलीची दीड खोली विकून येणारे खूप होते. रेल्वेतून निवृत्त व्हायला आलेले एक गृहस्थ म्हणाले होते, “साहेब, इथे एप्रिलमध्येसुद्धा पहाटे पांघरूण शोधावं लागतं.” त्यांनी फ्लॅटची दिशा, मजला, काही विचारले नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाबाईंना मुलींच्या कॉलेजसाठी घर हवे होते. त्यांच्या थोरलीने प्रवेश घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तीन नाटके पाहिली होती आणि रात्री साडेबाराला ती मैत्रिणीच्या लुनावरून सुखरूप खोलीवर पोचत होती. बाईंच्या लेखी घराच्या किमतीतला मोठा भाग या वाक्यात होता.

समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीची हवा निसर्गाने दिली. बाकीचे माणसांनी मिळवलेले आहे, आणि बऱ्याच वेळा वर्गणी काढून मिळवलेले आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, फर्ग्युसन कॉलेज १८८५ चे, भांडारकर संस्था १९१७ ची. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये महापालिकेने बांधले. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, दोन रुपयांच्या कोथिंबिरीवरून पाच मिनिटे वाद घालणारी मंडई, पहाटे टेकडीवर भेटणारी आणि एकमेकांची आडनावेही माहीत नसणारी वीस-वीस वर्षांची ओळख, यांतले काहीही कोणा बांधकाम व्यावसायिकाने बांधलेले नाही. माहितीपत्रकावर मात्र ते सगळे छापलेले असते, पायी किती मिनिटांवर आहे त्यासह.

जुन्या पुण्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पेठेतल्या वाड्यांवर आपल्याकडे भरपूर हळवे लिहून झाले आहे. त्या लेखनात चौकातला पारिजातक असतो. सात बिऱ्हाडांत एक संडास, पहाटे चारला नळावर लागणारी बायकांची रांग आणि पावसाळ्यात माळवदातून गळणारे पाणी सहसा नसते. भाडे नियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याने भाडेकरूला आधार दिला, हे खरे. पण भाडे त्या काळाला चिकटून राहिले आणि दहा-पंधरा रुपये भाड्यात मालक कौलसुद्धा बदलीना. वाडे खचत गेले. भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा वेडेपणा ठरला. मध्यमवर्गाला मालकीच्या फ्लॅटकडे ढकलण्यात हौसेपेक्षा या कायद्याचा वाटा मोठा आहे. १९६३ च्या मालकी फ्लॅट कायद्याने त्या वाटेला कागदोपत्री बळ दिले आणि १९७७ मध्ये निघालेल्या एचडीएफसीने पगारदाराला पैसे.

त्याआधी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले होते. नदीकाठच्या पेठांत काही तासांत होत्याचे नव्हते झाले. आजच्या पुण्याच्या घरबाजाराचा इतिहास लिहायचा तर पहिले प्रकरण तिथून सुरू करावे लागेल. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्यांमागे तो पूर आहे. कारकून, मास्तर, छापखान्यातले कंपॉझिटर अशी माणसे पूरग्रस्तांच्या सोसायट्यांतून पेठेबाहेर आली. गावाबाहेर टाकले म्हणून त्यातल्या कित्येकांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. त्यांच्या नातवंडांना आज त्याच जागेसाठी बिल्डर शिंकला तरी फोन करतात.

दुसरे प्रकरण माझ्या खात्याचे आहे, म्हणून त्यात थोडा रेंगाळतो. घराच्या किमती पगार वाढले म्हणून वाढल्या, आयटीमुळे वाढल्या, असे सरसकट म्हटले जाते. हिंजवडीने पश्चिम पुण्याचा नकाशा बदलला, यात शंका नाही. पण एक साधा हिशेब पाहा. वीस वर्षांच्या मुदतीच्या एक लाखाच्या कर्जाला १४ टक्के व्याजाने महिन्याला सुमारे १,२४४ रुपये हप्ता पडतो. साडेआठ टक्क्यांनी तोच ८६८ वर येतो. म्हणजे महिना २० हजार रुपये हप्ता झेपणाऱ्या माणसाला पहिल्या दराने १६ लाख मिळतात आणि दुसऱ्या दराने २३ लाख. पगारात एका रुपयाची वाढ न होता त्याच्या खिशात सात लाख अधिक आले. ते त्याच्या खिशात राहिले का? नव्वदच्या दशकात १४-१५ टक्क्यांवर असलेले दर पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले, तेव्हा एक खोली जास्त मिळेल म्हणून लोक हरखले. बांधकामाचा खर्च तर व्याजदराबरोबर धावत नाही. मग हे सात लाख जमिनीच्या भावात जाऊन बसले. कर्जदाराला खोली मिळाली नाही, त्याला मोठे कर्ज मिळाले. स्वस्त कर्जाचे कौतुक करणाऱ्या जाहिराती पाहिल्या की मला हा हिशेब आठवतो.

आता तारणाकडे येऊ. बँक कर्ज देते ते घर तारण ठेवून. घराच्या किमतीचा मोठा भाग जर त्या फरकात असेल, म्हणजे हवेत, पाण्यात, टेकडीत, निर्धास्तपणे चालता येण्यात असेल, तर खरे तारण भिंती नसून ते आहे. आणि या तारणाची आज काय अवस्था आहे?

पाण्याचे पाहा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून जेमतेम २९ टीएमसी पाणी मावते, आणि त्यावर पुण्याबरोबर खालच्या तालुक्यांतली शेतीही आहे. महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३. हद्द वाढली, धरणे तेवढीच राहिली. वाघोली, उंड्री, पिसोळी भागांतल्या मोठमोठ्या संकुलांत पोहण्याचा तलाव असतो आणि स्वयंपाकाचे पाणी टँकरने येते. महापालिका पाणी देईपर्यंत पुरवठ्याची जबाबदारी आमची, असे हमीपत्र बांधकाम व्यावसायिक लिहून देतो. सोसायटी स्थापन झाली, ताबे दिले गेले, की ते हमीपत्र फायलीत राहते आणि टँकरचे बिल देखभाल खर्चात येते. हा खर्च कर्जाच्या हप्त्याच्या तक्त्यात कोणी धरलेला नसतो.

नदीचे आणि ओढ्यांचे तेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने माणसे नेली, सोसायट्यांच्या भिंती नेल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या परिसरात लोकांना घरांतून बोटींनी बाहेर काढावे लागले. पूररेषा हा शब्द त्यातल्या अनेकांनी पाणी ओसरल्यावर पहिल्यांदा ऐकला असेल. फ्लॅटच्या करारात दाराच्या कडीचा मेक लिहिलेला असतो. इमारत निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर, ते शोधावे लागते. पूर पाहून ज्या शहराने वस्त्या हलवल्या, त्याच शहरात ही गोष्ट घडते आहे.

आणि टेकड्या. ‘टेकडीदर्शनी बाल्कनी’साठी चौरस फुटामागे जादा दर घेतला जातो. पहिली इमारत टेकडी विकते, दुसरी पहिलीच्या आड येते, तिसरीला जागा हवी म्हणून टेकडीचा पायथा थोडा कापतात. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरचे जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे. किती टक्के बांधकामाला परवानगी द्यावी, यावर वर्षानुवर्षे घोळ चालला आणि आरक्षण कायम होईतो २०१५ साल उजाडले. कागदावर ते आहे. उताराला लागून वाढणाऱ्या पत्र्याच्या शेड ज्याला पाहायच्या असतील त्याने रविवारी सकाळी जाऊन पाहाव्यात. वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या बेताविरुद्ध २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा काहींनी त्यांची ‘मॉर्निंग वॉकवाले’ म्हणून टिंगल केली. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ते आपले तारण राखायला आले होते. कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रस्ता इथल्या प्रत्येक कर्जखात्यात त्या टेकडीचा काही हिस्सा गहाण आहे.

फरक कोणाचा, हा दुसरा प्रश्न अजून राहिलाच. शहर राहण्याजोगे ठेवणाऱ्यांत मंडईतली भाजीवाली आहे, शाळेतले मास्तर आहेत, नाटकाचे नेपथ्य उचलणारे कामगार आहेत, आजींना इंजेक्शन द्यायला येणारी परिचारिका आहे. यातले बहुतेक जण ज्या भागाची किंमत वाढवतात, त्या भागात घर घेऊ शकत नाहीत. पहाटेची बस धरून ते दीड तासाने पोचतात. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के बांधकाम छोट्या घरांसाठी ठेवण्याचा नियम आहे आणि त्यातून म्हाडाच्या सोडतीत काही घरे येतातही. नियम चांगला आहे. पण किती भूखंड कागदावर नेमके चार हजारांच्या खाली मोजले जातात, याची यादी महापालिकेने एकदा प्रसिद्ध करावी. सरकारही या फरकातला वाटा घेतेच: विकास शुल्क आहे, जादा चटईक्षेत्राचे अधिमूल्य आहे, मुद्रांक शुल्कात मेट्रोचा एक टक्का अधिभार आहे. ज्या प्रभागातून पैसे आले, त्या प्रभागाच्या जलवाहिन्या आणि पदपथांवर त्यातले किती गेले, हे अंदाजपत्रकातून साध्या माणसाला काढता येत नाही. मी आकड्यांत आयुष्य काढले. मलाही आले नाही.

सध्या हा प्रश्न जुन्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत येऊन ठेपला आहे. डेक्कन, एरंडवणे, कोथरूड, सहकारनगर, जिथे पाहावे तिथे पुनर्विकास. तीन मजल्यांच्या जागी अकरा. माझा त्याला विरोध नाही. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर गुडघे गेलेली बाई वर्षानुवर्षे अडकून पडते, तिला झाडांचे प्रेम शिकवायला कोणी जाऊ नये. तिला लिफ्ट मिळालीच पाहिजे. पण या एकाच व्यवहारात सर्वसामान्य सभासदाचे पारडे जड असते. सह्या होईपर्यंत बिल्डर त्याच्या दारात असतो. अशा वेळी सभा कुठल्या मुद्द्यावर रात्री अकरापर्यंत रंगते? कोणाला किती चौरस फूट वाढीव, पार्किंग दोन की एक, स्थलांतराचे भाडे किती महिन्यांचे. हे विचारलेच पाहिजे. त्याबरोबर अकरा मजल्यांना पुरेल एवढी जलवाहिनी गल्लीत आहे का, याचे पालिकेचे लेखी उत्तर मागावे. आवारातला आंबा आणि बुचाची झाडे राखून आराखडा करायला सांगावे. तळमजल्यावर ज्यांनी वीस वर्षे शिंपीकाम केले, इस्त्री केली, त्यांचा गाळा त्यांना परवडेल अशा अटीने ठेवावा. गल्लीकडेची कुंपणभिंत दोन फूट आत घेऊन तेवढा पदपथ मोकळा करावा. आणि देखभाल खर्चाचा पहिल्या पाच वर्षांचा अंदाज करारात घालावा, म्हणजे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला आपलेच घर महाग होऊन ते विकायची पाळी येणार नाही.

बिल्डर पहिल्यांदा हसेल. हे व्यवहार्य नाही, असे म्हणेल. शेजारच्या चार सोसायट्यांनीही तेच मागितले, तर तो चहा मागवून पुन्हा आकडेमोडीला बसेल. त्याच्या आकडेमोडीत जागा असते. अशा प्रकल्पांचे अहवाल मी बरीच वर्षे वाचले आहेत.