प्रबंध बांधावर वाचला जावा

तेलीबांध्याहून आरंगकडे जाणाऱ्या महामार्गावर रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय लागते. 1987 साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे भाताच्या स्थानिक वाणांचा जो विशाल संग्रह आहे, त्याचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात घातला. 17 हजारांहून अधिक नमुने गावोगावच्या शेतकऱ्यांकडून आले. वाण ओळखणारा शेतकरी हाच तेथे पहिला जाणकार होता.

कृषी महाविद्यालयांतील अभ्यासगट मात्र आज बहुधा परीक्षेपुरते जमतात. पदव्युत्तर प्रबंध मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यापलीकडे क्वचितच वाचला जातो. महाराष्ट्रातील कृषिदूत आणि कृषिकन्या गावात राहून माहिती गोळा करतात. तिचे पुढे काय झाले, हे गावाला सहसा कळत नाही. ज्याने कामाचा खोळंबा करून उत्तरे दिली, त्याच्यावर हा अन्यायच आहे.

अभ्यासगटाच्या बैठकीस एक सहायक कृषी अधिकारी आणि एक जाणता शेतकरी असावा. शोधनिबंध प्रसिद्धीस पाठवण्यापूर्वी त्याचा मराठी गोषवारा त्यांच्यापुढे वाचावा. तुल्य वाण कोणता घेतला, जमीन भारी होती की हलकी, मजुरी कोणत्या दराने धरली, हे प्रश्न तेथे हमखास निघतील. एकाच हंगामाच्या आकड्यांवरून शिफारस करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वर्षीचा पाऊस कसा होता, हे शेतकरीच विचारील. मार्गदर्शकांचा भार यामुळे वाढेल, हे खरे; म्हणून येत्या रब्बीत प्रत्येक महाविद्यालयाने एकाच प्रबंधापासून आरंभ करावा.